बसून केलेली मारामारी

२ मार्च, सोमवार

आज पाकीट आलं. 'पाहुणा' मालिकेचा दहावा भाग, समीक्षकांसाठी खास खेळ, सतरा तारखेला सकाळी दहा वाजता. पेपरच्या पुरवणीच्या संपादक बाईंनी ते माझ्या टेबलावर ठेवलं आणि चष्म्यावरून बघत विचारलं, "यंदा लिहिणार, की पुन्हा दुसऱ्या कुणाच्या गळ्यात मारू?"

मागचे दोन भाग मी टाळले होते. यंदा म्हटलं, "मीच लिहितो."

पाहुणा हे त्या गुप्तहेराचं सांकेतिक नाव. परक्या मुलखात जायचं, कुणाच्या तरी घरी मुक्काम करायचा, काम उरकून निघायचं. खरा पाहुणा दोन दिवसांत कंटाळा आणून जातो. हा पंचवीस वर्षं ठाण मांडून बसलाय आणि लोक अजून त्याला बसा म्हणतात. दहाही भाग एकाच दिग्दर्शकाचे. मी त्याला टोपीवाला म्हणतो. नाव घेतलं तर तोंड कडू होतं.

पाचव्या, सहाव्या आणि सातव्या भागात नायिकेच्या उड्या माझ्या ताईने मारल्या. चेहरा नायिकेचा, हाडं ताईची. सातव्यात छतावरून उडी होती. वायरचा आकडा सुटला. तेव्हापासून ताईला कमरेखाली काही कळत नाही. अकरा वर्षं झाली. टोपीवाला एकदाही आमच्या घरी आला नाही. नामावलीत तिचं नावही नव्हतं.

साप डूख धरतो ही अंधश्रद्धा आहे म्हणे. माणूस धरतो, याबद्दल मला शंका नाही.

४ मार्च, बुधवार

ताईला सांगितलं. ती जेवणाच्या टेबलाशी खुर्चीत बसली होती. टेबलावर नेहमीचा पसारा होता. काड्यापेट्या, चमचे, मिठाचं भांडं, एक पालथी वाटी. बोटांचा व्यायाम म्हणून ती हे सगळं तासन्‌तास इकडून तिकडे सरकवत असते आणि मधेच वहीत काहीतरी टिपते. बुधवारची बाई तिला हे करायला लावते. ती दवाखान्याकडून येत असावी. ताईच्या खासगी गोष्टींत मी नाक खुपसत नाही, त्यामुळे कधी विचारलं नाही.

"दहावा भाग माझ्याकडे आलाय," मी म्हटलं. "अकरा वर्षांचं उट्टं काढणार."

ताईने एक काडीपेटी दोन बोटं मागे घेतली. "पाय माझे गेले, धाकट्या. उट्टं तू कशाला काढतोस?"

"तू काढत नाहीस म्हणून."

"लिही बाबा. पण नीट बघून लिही." मग म्हणाली, "मलाही ने ना खेळाला."

त्या सभागृहाला चौदा पायऱ्या आहेत. लोकांनी उचलून नेलेलं तिला आवडत नाही, ह्याची मी तिला आठवण करून दिली. "ह्या वेळी चालेल," ती म्हणाली. मी नाही म्हटलं. ज्या माणसाने तिला खुर्चीत बसवलं, त्याच्यासाठी टाळ्या वाजताना तिने बघायला नको.

बुधवारच्या बाईच्या कोपरावर आज काळानिळा डाग होता. मागच्या महिन्यात ओठ फुटला होता. पस्तिशीची, रुंद खांद्यांची, धडधाकट बाई, पण घरी काय चालत असेल कुणी सांगावं. ती गेल्यावर ताईला म्हटलं, "हिचा नवरा हिला मारतो."

ताई ठसका लागेपर्यंत हसली. "तिचा नवरा? तो घाबरतो तिला."

"घाबरणारेच मारतात," मी म्हटलं. ताईला माणसांची पारख कधीच नव्हती.

१० मार्च, मंगळवार

सुट्टी घेऊन जुने नऊ भाग पुन्हा बघितले. सातवा सोडून. वहीच्या मागच्या पानांवर दारूगोळा जमवतोय. 'नायकाची धाव आता बस चुकलेल्या कारकुनासारखी वाटते.' 'ह्या हेराचं रहस्य एकच, तो अजून निवृत्त का झाला नाही.' दुसरं बरं आहे.

मनात एक खुपतं, ते लिहून ठेवतो. सिनेमा बघायच्या आधी परीक्षण लिहिणाऱ्यांना मी आयुष्यभर नावं ठेवली. पण न्यायाधीशाने निकाल आधी लिहू नये, फिर्यादीला मात्र मुद्दे तयार ठेवावेच लागतात. ह्या एका सिनेमापुरता मी फिर्यादी आहे.

संध्याकाळी ताईने विचारलं, "काय लिहितोस एवढं?" म्हटलं, तयारी. ती म्हणाली, "कोरं डोकं घेऊन जा, धाकट्या. तुझं ते चांगलं असतं." मी हो म्हटलं.

१७ मार्च, मंगळवार

बघितला.

टोपीवाला दारातच उभा होता. मला बघून टोपी काढली. टक्कल पडलंय. "ताई बऱ्या आहेत ना?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "तुम्हाला काय करायचंय?" तो अवघडून म्हणाला, "तो घरातला प्रसंग तेवढा नीट बघा." स्वतःच्या कामाची स्वतःच शिफारस. हा निर्लज्जपणा परीक्षणात घालता आला असता तर बरं झालं असतं.

सिनेमा लांबलेला, नायक थकलेला, खलनायक भाषणं देणारा. माझा अर्धा दारूगोळा जसाच्या तसा चालेल.

आता तो घरातला प्रसंग. नायिकेचा पाय मोडलाय. ती एका परक्या स्वयंपाकघरात खुर्चीत बसलीय आणि मारेकरी आत शिरतात. ती उठत नाही, उठू शकतच नाही. टेबलावरचं कापड ओढते. ड्रॉवर पोटात मारते. जो वाकेल त्याचं मनगट तिच्या हाती लागतं आणि मग तो संपला. कॅमेरा तिच्या डोळ्यांच्या वर जातच नाही. उभ्या माणसांचे चेहरे दिसत नाहीत, नुसते गुडघे, पट्टे, हात. संगीतसुद्धा नाही. चार मिनिटं.

इथे कुणी वाचत नाही म्हणून खरं लिहितो. त्या चार मिनिटांत मी श्वास घ्यायला विसरलो. माझ्या शेजारचा समीक्षक गेली वीस वर्षं खेळात झोपतो, तो पुढे सरकून बसला होता. एवढ्या वर्षांत गुप्तहेराच्या सिनेमात मला असं काही दिसलं नव्हतं. ह्या माणसाला हे सुचलं कुठून? आणि त्याच क्षणी डोकं फिरलं. एवढी अक्कल आहे, तर ताईच्या वेळी एक आकडा नीट लावता आला नाही?

नामावली सुरू होताच उठलो. सातव्या भागापासून माझा तो नेम आहे, कुठल्याच सिनेमाची नामावली बघत नाही.

घरी ताई दाराशीच होती. "कसा होता?"

"नेहमीसारखा."

"आणि ती घरातली मारामारी?"

"बसून कुणी मारामारी करतं का? फालतू."

"कुठे फालतू वाटली? सुरुवातीला, की ड्रॉवरच्या तिथे?"

"सगळीच."

मग तिने विचारलं, "दुसरा माणूस पडतो, त्याचा आवाज पुरेसा येतो का?"

जाहिरातीत तुकडा दाखवत असतील. बिचारी अजून त्या जगातून बाहेर आलेली नाही. तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हटलं, आता विसर ते सगळं. तिने मान बाजूला घेतली.

१८ मार्च, बुधवार

लिहून दिलं. नऊशे शब्द. सगळ्यांत जास्त धार त्या प्रसंगाला लावली. सिनेमाचं मर्म तिथे आहे, म्हणून घाव तिथेच घालायचा. शेवटचं वाक्य जमून आलंय: 'ही बसून केलेली मारामारी ज्याने रचली, त्याला माणसाला पाय असतात याचाच विसर पडलेला दिसतो.'

तिघांचा हिशेब एका वाक्यात. त्याचा, ताईचा आणि माझा.

पुरवणीच्या बाईंनी फोनवर वाचलं आणि हसल्या. ते वाक्यच मथळ्यात घेते म्हणाल्या. मग विचारलं, "खरंच इतका वाईट आहे?"

"वाईट नाही, निर्जीव आहे."

"मग ठीक."

बुधवारची बाई येऊन गेली. आज मनगटाला पट्टी. दारातून निघताना तिने विचारलं, "दादा, तो सिनेमा बघितलात म्हणे. कसा वाटला?" म्हटलं, शुक्रवारी पेपरात वाचा. आणि तिच्या हातात हळूच एक चिठ्ठी दिली. मारझोड होणाऱ्या बायकांना मदत करणाऱ्या संस्थेचा फोन नंबर. ती चिठ्ठीकडे आणि माझ्याकडे बघत राहिली. "ठेवा," म्हटलं. "वेळ सांगून येत नाही." तिला बोलवेना. एखाद्याच्या दुःखावर नेमकं बोट ठेवलं की असं होतं.

२० मार्च, शुक्रवार

आलं. दुपारपर्यंत ते वाक्य सगळीकडे फिरत होतं. ज्या लोकांनी मला दहा वर्षांत फोन केला नाही, त्यांनी ते मलाच वाचून दाखवलं.

ताईने सकाळी पेपर टेबलावर पसरला आणि पूर्ण वाचला. घडी घातली. मग म्हणाली, "वाक्य चांगलं आहे." खुर्ची वळवून खोलीत गेली, दार लावलं. जेवायला आली नाही. डोळे लाल दिसले होते. अकरा वर्षांनी कुणीतरी तिच्या बाजूने उभं राहिलं, माणूस रडणारच. एकटीला रडू दिलं.

मला मात्र वाटलं होतं तेवढं हलकं वाटत नाही. सवय नसेल.

२१ मार्च, शनिवार

बेल वाजली. बुधवारची बाई, शनिवारी. हातात कालचा पेपर.

"ताई झोपलीय," मी म्हटलं.

"मग तुम्हीच ऐका." ती आत आली नाही, उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. "मी व्यायाम शिकवत नाही, दादा. मी डबल आहे. त्या खुर्चीत चेहरा नायिकेचा आणि बाकी सगळी मी. आणि मला तिथे बसवलं कुणी, माहितीये?"

"कुणी म्हणजे? त्यानेच."

"तुमच्या बहिणीने. दीड वर्ष, दर बुधवारी, ह्या टेबलावर काड्यापेट्या मांडून. कोण कुठून येणार, हात कुठे पडणार, माणूस पडताना डोकं कसं वाचवायचं, सगळं त्यांनी बसवलं. सेटवरसुद्धा आल्या होत्या. तुम्हाला वाटत होतं तपासणीला जातात."

मला पहिल्यांदा काय सुचावं? मी म्हटलं, "मग तुमचे ते डाग?"

"सरावाचे. तुमची ती चिठ्ठी मी सगळ्यांना दाखवली. खूप हसलो आम्ही. ताई फोनवर सगळ्यांत जास्त हसल्या." तिने हातातला पेपर वर धरला. "आज कुणाला हसू येत नाहीये."

"मला सांगितलं का नाही तिने?"

"तुमचं मत हवं होतं त्यांना, काही न सांगता. म्हणायच्या, माझ्या भावासारखा सिनेमा बघणारा दुसरा नाही. त्याला आवडलं तर समजायचं जमलं."

पेपर चपलांच्या कपाटावर ठेवून ती गेली.

ताईच्या दाराशी तीनदा जाऊन आलो. वाजवलं नाही.

२२ मार्च, रविवार

तिकीट काढून दुपारच्या खेळाला गेलो. घरातला प्रसंग सुरू झाला आणि मागच्या रांगेतून कुणीतरी माझं वाक्य म्हटलं. पाच-सहा जण हसले. पाय दिसला की पुन्हा हसायचे. मी लिहिलेल्या कुठल्याही वाक्याला इतकी दाद मिळालेली नाही.

शेवटपर्यंत बसलो. 'घरातला प्रसंग, मारामारीची रचना' आणि पुढे ताईचं नाव, बाबांच्या नावासकट पूर्ण. सफाई करणारे आत आले तरी मला उठता येईना.

२३ मार्च, सोमवार

पुरवणीच्या बाईंना म्हटलं, दुरुस्ती छापायची आहे.

"माहिती चुकली तर दुरुस्ती छापतो," बाई म्हणाल्या. "मत बदललं म्हणून नाही. माहिती चुकली का?"

"नाही. मत खोटं लिहिलं."

त्यांनी चष्मा काढला. "म्हणजे आवडलं होतं?"

"हो."

"मी तुम्हाला विचारलं होतं. तुम्ही निर्जीव म्हणालात."

"हो."

मग म्हणाल्या, "लिहा मग तसंच. त्याच जागी, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत छापते. पण ते छापल्यावर तुमचं सदर चालू ठेवता येणार नाही, हे कळतंय ना?"

कळतंय म्हटलं. बावीस वर्षांचं सदर. बाहेर येऊन जिन्यात थोडा वेळ बसलो. तेव्हाही टोपीवाल्याचाच राग येत होता, हे नमूद करतो.

२४ मार्च, मंगळवार

त्याच्या कार्यालयात गेलो. आत शिरायच्या वाटेवरच पडण्याच्या गाद्या छतापर्यंत रचलेल्या. त्याने चहा मागवला, मी घेतला नाही.

"घरी का आला नाहीत?" मी विचारलं. अकरा वर्षं हा एकच प्रश्न पाठ केला होता.

"तिने येऊ नको म्हटलं." त्याने टोपी टेबलावर ठेवली. "तो आकडा त्या दिवशी मी तपासायला हवा होता. ऊन उतरत होतं, मी घाई केली. दवाखान्यात हे तिला मी स्वतः सांगितलं. तिने पाण्याचा तांब्या फेकून मारला." भुवईवर बोट ठेवलं. तिथे खरंच वण आहे. "मग म्हणाली, हे माझं आणि तुझं भांडण आहे. माझ्या भावाला यात ओढू नकोस, तो स्वतःचं सगळं सोडून ह्याच्याच मागे लागेल."

"मला तरी सांगायचं."

"तुम्ही विचारलं कधी? तुम्ही लिहीत होतात."

मला वाटत होतं, त्याने चूक कबूल केली की माझं मन मोकळं होईल. उलट झालं. त्याने कबूल केलं, याचाच राग आला. आता मी कुणाचा राग करायचा?

निघताना म्हणाला, "अकराव्या भागातल्या सगळ्याच मारामाऱ्या तिच्या हाती द्यायचं ठरत आलं होतं. आता निर्मात्यांच्या बैठकीत तुमचं वाक्य वाचून दाखवतात."

"मग?"

"मग मी भांडतोय. काय होईल सांगता येत नाही. लिहिलेलं मला पुसता येत नाही, तुम्हाला येतं का बघा."

२७ मार्च, शुक्रवार

कबुली छापून आली. कुणाचाही फोन नाही. बाईंनी एका ओळीचा निरोप पाठवला, पुढच्या आठवड्यापासून सदर दुसऱ्या कुणाकडे जातंय.

ताई आठ दिवस माझ्याशी बोललेली नाही. ताट ठेवलं तर जेवते, विचारलं तर मान हलवते. पेपर तिच्या दाराशी ठेवला. संध्याकाळी तो तिथे नव्हता. एवढंच.

२९ मार्च, रविवार

डाव्या हाताने लिहितोय, अक्षर लागणार नाही. उजवं मनगट सुजलंय.

सकाळी ताई आपणहून बाहेर आली. टेबलाशी येऊन थांबली. मांडीवर परवाचा पेपर.

"वाचलं," ती म्हणाली. "माझं नाव दोनदा आलंय. 'मी' किती वेळा आलंय, मोजलंस?"

"नाही."

"मी मोजलं. एकेचाळीस." पेपर तिने बाजूला टाकला. "पहिलं पण तुझ्याबद्दल होतं, हे पण तुझ्याबद्दलच. मधे मी चार मिनिटांचं एक काम केलं होतं. ते कसं झालं, हे अजून कुणी लिहिलेलं नाही."

"ताई, माझं चुकलं."

"ते एकेचाळीस वेळा वाचलं. इथे उभा राहा."

मी टेबल आणि ओटा यांच्या मधे उभा राहिलो. तिने खुर्चीचे ब्रेक तपासले, एक सोडला, एक ठेवला. बाह्या सारल्या.

"माझ्या अंगावर ये."

"काहीतरीच काय."

"ये म्हणते ना."

मी लाजत एक पाऊल टाकलं. ती म्हणाली, "असा नाही. टोपीवाल्याच्या अंगावर जायचं होतं ना तुला? तसा ये." तेव्हा कळलं की मी त्याला काय म्हणतो, हे तिला माहीत आहे. घरात कधी उच्चारलं नव्हतं. ही वही तिने वाचली आहे.

मी गेलो. म्हणजे खरोखर गेलो. काय झालं ते मला नीट सांगता येत नाही, आणि हे माझं काम आहे, सांगणं. खुर्ची एका चाकावर गर्रकन फिरली, पायाची फळी माझ्या नडगीवर बसली. मी वाकलो तर मनगट तिच्या हातात. ड्रॉवर कधी उघडला दिसलं नाही, पोटाला कळला. मग टेबलाची खालची बाजू दिसली, मग छत.

डोकं फरशीवर आपटलं नाही. तिथे आधीच तिचा तळहात होता. ती खुर्चीतून अर्धी बाहेर ओणवी झाली होती, एक हात माझ्या कॉलरला, दुसरा माझ्या डोक्याखाली. चेहरा लाल, केस सुटलेले, छाती भात्यासारखी चाललेली. अकरा वर्षं मी तिच्याकडे वरून बघत आलोय. खालून ती अशी दिसते हे मला माहीत नव्हतं.

"आवाज आला?" तिने विचारलं.

"आला."

"पुरेसा?"

"पुरेसा."

"आणि सुरुवात? फालतू वाटली?"

"नाही. पहिल्या दिवशीच नव्हती वाटली."

"दुखतंय?"

"हो."

"बरं झालं." तिने माझ्या डोक्याखालचा हात काढून घेतला, सावकाश. खुर्ची दोन हात मागे नेली आणि पुन्हा ब्रेक तपासले.

"उठ," ती म्हणाली. "त्या प्रसंगात चार माणसं आहेत. तू अजून पहिलाच."